घराला बाहेरून रंग कोणता? पांढरीच्या मातीपासून शेडकार्डापर्यंत

१/
नवे घर बांधून होते. गवंडी, सुतार, नळकाम करणारे निघून जातात आणि शेवटी एक प्रश्न उरतो : बाहेरून रंग कोणता द्यायचा? घरातील मंडळी शेडकार्ड उलगडून बसतात, शेजारपाजारच्या भिंती पाहून येतात आणि बहुधा मतभेद होतात. हे मतभेद आज घरोघरी होत असले तरी ते फार जुने नाहीत. इतिहासाच्या बहुतेक काळात घरमालकाला हा प्रश्न पडतच नसे. त्याचे उत्तर कधी मातीने, कधी चुन्याने, कधी राजाने, तर कधी आरोग्य खात्याने आधीच देऊन ठेवलेले असे. त्या उत्तरांचा हा धागा.

२/
आरंभ मराठी भाषेतील एका जुन्या जोडीपासून करावा लागतो : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे गावची पिकाऊ जमीन आणि पांढरी म्हणजे गावाची वस्ती ज्या जागेवर वसली ती जमीन. ‘गावची पांढर’ हा शब्दप्रयोग आजही ऐकू येतो. दख्खनच्या पठारावरील काळी माती पाणी शोषून फुगते आणि वाळली की भेगाळते. कापसाला ती मानवते, भिंतीला नाही. घर बांधायला लागते ती चुनखडीचा अंश असलेली पांढुरकी, चिकट माती.

३/
त्यामुळे पठारावरील गावांत घराचा रंग म्हणजे गावच्या मातीचा रंग. मराठवाड्यातील माळवदाची घरे, पांढऱ्या मातीच्या उंच गढ्या आणि त्यांच्या आश्रयाला असलेल्या साध्या भिंती या सर्वांवर एकच फिकट छटा दिसे. गढी मोडकळीस आली की लोक तिचीच माती नेऊन आपली घरे दुरुस्त करीत. जमीनदाराच्या वाड्याचा आणि बलुतेदाराच्या घराचा आकार निराळा असे. माती बहुधा एकच असे.

४/
या भिंतींची निगा राखण्याचे काम मुख्यतः स्त्रियांकडे होते. पावसाळ्यात धुपलेली भिंत दसरा-दिवाळीच्या सुमारास पांढऱ्या मातीच्या पातळ कालवणाने पोतारली जाई. जमिनीला सारवण, भिंतीला पोतेरा आणि खालच्या कडेला गेरूचा पट्टा. हा पट्टा केवळ शोभेसाठी नव्हता. पावसाचे थेंब अंगणात आपटून मातीचे शिंतोडे भिंतीच्या तळाशी उडतात. गडद पट्ट्यावर ते डाग दिसत नाहीत. आजही अनेक इमारतींच्या तळाशी गडद रंगाचा पट्टा काढतात, त्यामागे हेच जुने शहाणपण आहे.

५/
ठाणे-पालघरच्या डोंगराळ भागात वारली घरांच्या कुडाच्या भिंती शेण-मातीने लिंपून त्यांवर गेरूचा हात देत आणि लग्नप्रसंगी तांदळाच्या पिठाने त्यांवर चित्रे काढीत. लाल आणि पांढरा, एवढेच दोन रंग. ही निवड आज कलाविषयक वाटते. पण तिच्या मुळाशी साधी गोष्ट आहे : गेरू जवळपास मिळे आणि तांदूळ शेतात पिके. जे पायाखाली आणि घरात होते, तेच भिंतीवर चढले.

६/
मातीनंतर भिंतीवर आला चुना. पठारावर ओढ्याकाठी आणि शेतजमिनीत चुनखडीचे खडे सापडतात. ते भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजले की त्यातील कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी ओतले की तो उकळल्यासारखा खदखदतो आणि विरतो. महाराष्ट्रात हे काम परंपरेने लोणारी समाजाकडे होते. अनेक किल्ल्यांवर आजही चुन्याच्या घाण्याचे दगडी चाक आणि त्याची गोल चर पाहावयास मिळते.

७/
विरलेला चुना भिंतीवर लावला की तो हवेतील कार्बन डायऑक्साइड पुन्हा शोषून घेतो आणि हळूहळू परत चुनखडी बनतो. म्हणजे चुन्याचा हात हा तेल किंवा डिंकासारखा वरून चिकटलेला लेप नव्हे. तो भिंतीवर चढवलेला दगडाचा अतिशय पातळ थर असतो. तो सच्छिद्र असल्याने भिंतीत शिरलेली ओल त्यातून वाफ होऊन बाहेर पडते. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

८/
भट्टीला जळण लागते, घाण्याला बैल लागतात; म्हणून चुना महाग होता. तो प्रथम किल्ले, देवळे, वाडे आणि हौद यांना मिळाला. गावात लांबूनही शुभ्र दिसणारी वास्तू म्हणजे बहुधा देऊळ, मशीद किंवा धनिकाचा वाडा. मातीच्या गावात चुन्याची भिंत ही ऐपतीची खूण होती. आज पांढरा रंग ‘साधा’ मानला जातो. तेव्हा तो श्रीमंती रंग होता.

९/
मग चुन्यात हवा तो रंग मिसळून का घेत नसत? कारण चुना फार थोड्या रंगांना जगू देतो. याचा पुरावा प्रत्येक मराठी घराच्या देव्हाऱ्यात आहे. हळदीत चुना मिसळला की ती लाल होते; कुंकू परंपरेने असेच तयार होते. चुना तीव्र अल्कधर्मी आहे. वनस्पतिजन्य रंग त्यात बदलतात किंवा उन्हात उडून जातात. हळदीने पिवळी भिंत रंगविता येत नाही, ती या एकाच कारणामुळे.

१०/
चुन्यात टिकतात ते मुख्यतः लोहयुक्त मातीचे रंग : लाल गेरू किंवा काव, पिवळी पिवडी आणि त्यांच्या मिश्रणाने होणाऱ्या नारिंगी-तपकिरी छटा. जगभरच्या जुन्या गावांचे रंग एकमेकांशी मिळतेजुळते का दिसतात, याचे कारण येथे सापडते. इटलीतील गेरूरंगी घरे, राजस्थानातील तांबूस हवेल्या आणि कोकणातील काव लावलेल्या भिंती यांच्या मालकांनी एकमेकांचे अनुकरण केले नव्हते. चुना आणि लोह यांचे रसायन सर्वत्र सारखेच होते.

११/
या मर्यादेतूनच गोवा आणि कोकणात कावी कला उभी राहिली. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर कावेचा तांबडा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच अणकुचीदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा. देवळांच्या भिंतींवर वेली, पशुपक्षी आणि देवदेवता अशा रीतीने कोरल्या गेल्या. केवळ दोन रंगांत किती साधता येते, याचा हा नमुना. ओल्या गिलाव्यात मुरलेला रंग वरून लावलेल्या रंगाप्रमाणे सहज निघून जात नाही. म्हणूनच त्यातील काही भिंती आजही शिल्लक आहेत.

१२/
गोव्यात माती आणि चुन्याबरोबर रंग ठरविणारा तिसरा घटक होता : सत्ता. तेथील घरे जांभ्या चिऱ्याची. चिरा सच्छिद्र, आणि पाऊस वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर. उघडा चिरा पाणी पितो, म्हणून गिलावा आणि चुना अपरिहार्य. चुनाही बहुधा समुद्रकाठच्या शिंपल्यांपासून भाजलेला. दर पावसाळ्यात भिंतीवर शेवाळ चढणार आणि दर पावसाळ्यानंतर नवा हात द्यावा लागणार, हे ठरलेलेच.

१३/
पोर्तुगीज राजवटीत शुभ्र पांढरा रंग चर्चसाठी राखीव होता आणि घरांना रंगीत हात देण्याची रीत होती, असे गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. त्या रिवाजाचे दृश्य रूप पणजीच्या फोंताइन्हास भागात दिसते : पिवळ्या, निळ्या, तांबड्या भिंती आणि खिडक्या-दारांभोवती पांढरी किनार. १८४३ मध्ये पणजी राजधानी झाली आणि हे शहर वाढत गेले. आज पर्यटक ज्याला ‘हौशी रंगसंगती’ समजतात, तिच्यात घरमालकाची हौस होतीच. पण एक रंग वगळूनच ती हौस सुरू होत असे.

१४/
सत्तेने संपूर्ण शहराला एकच रंग दिल्याचे भारतातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण जयपूरचे. १७२७ मध्ये सवाई जयसिंह दुसरा याने वसविलेल्या या शहराला सवाई रामसिंह दुसरा याच्या काळात, १८७६ मध्ये इंग्लंडच्या युवराजाच्या भेटीनिमित्त गुलाबी रंग दिला, ही कथा सर्वश्रुत आहे. तो रंग खरे तर गुलाबापेक्षा गेरूच्या जवळचा. चुना आणि गेरू यांच्या मिश्रणाने साध्या गिलाव्याच्या भिंतींना तांबड्या वालुकाश्माचे रूप आले.

१५/
जुन्या तटबंदीतील दर्शनी भिंतींना तोच रंग ठेवण्याचे बंधन जयपुरात आजही आहे. २०१९ मध्ये हे शहर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. तेथे घर विकत घेणाऱ्याला आतील भिंती हव्या तशा रंगविता येतात. रस्त्याकडची भिंत मात्र शहराची मानली जाते. या नियमामागे एक विचार आहे, आणि तो सहज टाकून देण्याजोगा नाही : बाहेरची भिंत मालक क्वचितच पाहतो, ती रोज पाहतो तो रस्त्याने जाणारा.

१६/
महाराष्ट्रात मात्र भिंतीवर सत्तेचा हात आला तो सौंदर्यासाठी नव्हे, रोगाच्या भीतीने. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. रोग घाणीतून, कोंदट हवेतून आणि दूषित जमिनीतून पसरतो असे तेव्हाचे बहुसंख्य वैद्यकीय मत होते. त्यावर जे उपाय योजले गेले त्यांत जंतुनाशकांची फवारणी आणि घरांना सक्तीने चुना मारणे हे होते.

१७/
फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला आणि अधिकाऱ्यांना घरात शिरण्याचे व्यापक अधिकार मिळाले. मुंबईत प्लेगग्रस्त घरांच्या दर्शनी भागावर खुणा रंगविल्या जाऊ लागल्या. राहण्यास अयोग्य ठरविलेल्या इमारतींवर ‘यू. एच. एच.’ ही इंग्रजी अक्षरे काढली जात. ‘मनुष्यवस्तीस अयोग्य’ या अर्थाच्या शब्दांची ती आद्याक्षरे. घराची बाहेरची भिंत, जिच्यावर सणाला चुना आणि दारी तोरण असे, ती आता सरकारी नोंदवही झाली.

१८/
पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँडच्या प्लेग समितीने गोऱ्या सैनिकांकरवी घरोघरी तपासणी केली. मागोमाग निर्जंतुकीकरण आणि चुना मारण्याची पथके येत. सामान बाहेर फेकले जाई, देवघरापर्यंत बूट जात. लोकांचा संताप ‘केसरी’तून उमटला आणि २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. या संतापाची कारणे अनेक होती. पण घर कोणाचे, त्याच्या भिंतींवर हात कोणाचा चालणार, हा प्रश्न त्यात होताच.

१९/
यातील विषाद असा की, चुन्याने प्लेग थांबणार नव्हता. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमोंद यांनी प्लेग उंदरांवरील पिसवांमार्फत माणसात येतो हे दाखवून दिले. ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. चुना अनेक जंतूंना मारतो हे खरे. पण भिंतींच्या पोकळीतील उंदराला तो काय करणार? तरीही ‘चुना म्हणजे स्वच्छता’ हे समीकरण त्या काळात पक्के झाले. सरकारी दवाखाने, शाळा, कचेऱ्या आणि रस्त्याकडेच्या झाडांची खोडे यांवरील चुना त्याच समीकरणाचा वारस आहे.

२०/
एव्हाना युरोपातील दोन घटनांचे परिणाम भारतीय भिंतीपर्यंत पोहोचू लागले होते. योगायोगाने दोन्ही १८२४ सालच्या. पहिली : जोसेफ ॲस्पडिन याने इंग्लंडमध्ये पोर्टलँड सिमेंटचे पेटंट घेतले. दुसरी : फ्रान्समधील उद्योग-प्रोत्साहन संस्थेने कृत्रिम निळा रंग स्वस्तात तयार करणाऱ्यास ६००० फ्रँकचे पारितोषिक जाहीर केले. तोवर हा तेजस्वी निळा रंग अफगाणिस्तानातील बदख्शानच्या राजावर्त या मौल्यवान दगडापासून काढावा लागे.

२१/
१८२८ मध्ये ते पारितोषिक जाँ-बाप्तिस्त गिमे यांना मिळाले. चिनी माती, सोडा, गंधक आणि कोळसा भट्टीत तापवून त्यांनी तोच निळा रंग मिळविला. राजवाड्यातील रंग पुडीत आला. भारतात तो कपड्यांची नीळ म्हणून घराघरांत शिरला. हा रंग चुन्यात टिकतो, हे त्याचे वैशिष्ट्य. चिमूटभर नीळ घातली की चुन्याची पिवळट झाक जाऊन भिंत अधिक शुभ्र दिसते. मूठभर घातली की भिंत आकाशी होते. गरिबाच्या भिंतीला लोहमातीखेरीज मिळालेला हा पहिला स्वस्त रंग.

२२/
सिमेंटने त्याहून मोठा बदल केला. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत शहरांतून चुन्याचा गिलावा मागे पडत गेला आणि सिमेंटचा आला. त्यावर सिमेंट पेंट आला. ‘स्नोसेम’ हे एका उत्पादनाचे नाव तर अनेकांच्या तोंडी त्या रंगप्रकाराचेच नाव झाले. पांढरे सिमेंटही चुन्यासारखेच अल्कधर्मी, म्हणून पुन्हा तेच मोजके टिकाऊ रंग : फिकट पिवळा, गुलाबीसर, फिकट हिरवा. जुन्या वसाहती आणि चाळींच्या त्या ओळखीच्या फिकट छटा हे कोणा अभियंत्याच्या आवडीचे नव्हे, तर सिमेंटच्या स्वभावाचे फळ होते.

२३/
रंगाचा कारखानदारी इतिहासही येथलाच आहे. १९०२ मध्ये हावड्यात शालिमार पेंट्सची स्थापना झाली. दुसऱ्या महायुद्धात रंगांच्या आयातीवर निर्बंध आले असता १९४२ मध्ये मुंबईच्या गिरगावातील गायवाडीत, एका गॅरेजमध्ये, चंपकलाल चोक्सी, चिमणलाल चोक्सी, सूर्यकांत दाणी आणि अरविंद वकील या चौघांनी एक छोटी कंपनी काढली. तीच पुढे एशियन पेंट्स झाली. १९५४ मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी तिच्यासाठी हातात कुंचला घेतलेला खट्याळ ‘गट्टू’ रेखाटला.

२४/
गट्टूचे चित्र एका मोठ्या बदलाची खूण आहे. चुना हा माल होता. तो गाड्यावरून, वजनावर मिळे. डब्यातील रंग ही आवड झाली. रंगाचा निर्णय रंगाऱ्याकडून घरमालकाकडे आणि पुढे कुटुंबाकडे सरकला. त्याच काळात रसायनशास्त्राने जुन्या मर्यादा ओलांडल्या. १९३० च्या दशकात आलेले थॅलोसायनीन निळे आणि हिरवे रंग उन्हाला आणि अल्कलीला दाद देत नव्हते. १९५० च्या दशकात पाण्यात मिसळणारी ॲक्रिलिक इमल्शन आली. विसाव्या शतकाच्या अखेरीस दुकानातच छटा मिसळून देणारी यंत्रे बसली आणि पोपटी, जांभळी, मोरपंखी घरे उभी राहिली.

२५/
म्हणजे घराला हवा तो रंग देण्याचे स्वातंत्र्य हे जेमतेम दोन-तीन पिढ्यांचे आहे. ते मोलाचे आहे. ज्यांच्या घरांना शतकानुशतके मातीखेरीज दुसरा रंग परवडला नाही, त्यांनी पहिल्या पक्क्या घराला भडक केशरी किंवा गडद निळा रंग दिला तर त्याला ‘अभिरुचीचा अभाव’ म्हणणे इतिहासाला धरून नाही. पांढऱ्या-करड्या भिंतींचे कौतुक करणाऱ्या वर्गाकडे रंगाची निवड फार आधी आली होती; तिचा कंटाळा येण्याची चैनही त्यालाच परवडली.

२६/
तथापि या स्वातंत्र्याची किंमतही आहे आणि ती प्रथम जुन्या भिंतींनी मोजली. चुन्याची किंवा मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. तिच्यावर प्लास्टिकसारखा अखंड पापुद्रा धरणारा रंग दिला की ओल आत कोंडते. काही पावसाळ्यांत पोपडे येतात, लोणा लागतो, गिलावा सुटतो. जुन्या वाड्याला ‘एकदाच चांगला, महागडा रंग’ देण्याच्या सद्‌हेतूने कित्येक भिंतींची हानी झाली. जुन्या भिंतीला बहुधा जुनाच उपाय मानवतो : चुन्याचे दोन हात, टिकाव धरावा म्हणून थोडा डिंक, आणि दर वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा तेच.

२७/
दुसरी किंमत आरोग्याची. लख्ख पिवळा, नारिंगी आणि काही हिरवे रंग दीर्घकाळ शिशाच्या संयुगांपासून बनत. दारे, खिडक्या, गजांच्या ऑइलपेंटमध्ये ते विशेष आढळे. शिसे लहान मुलांच्या मेंदूला घातक. भारतात घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग अशी ठरविणारे नियम २०१६ मध्ये झाले आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. जुन्या घराचा रंग घासून काढताना उडणारी धूळ म्हणूनच केवळ धूळ समजू नये. ओले करून घासावे आणि मुलांना दूर ठेवावे.

२८/
तिसरी किंमत उन्हाची. गडद भिंत ऊन पिते, फिकट भिंत ते परतविते. २०१० च्या प्राणघातक उष्णलाटेनंतर अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा आखला आणि पुढे वस्त्यांमधील छपरांना पांढरा लेप देण्याचा कार्यक्रम हाती घेतला. त्यात साध्या चुन्याचाही उपयोग झाला. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांचे धोरणच जाहीर केले. सव्वाशे वर्षांपूर्वी सरकार प्लेगसाठी चुना घेऊन दारी आले होते; आता उन्हासाठी आले आहे. या वेळी मात्र उपाय आणि रोग यांची जोडी जुळते.

२९/
मग नव्या घराच्या मालकाने या इतिहासातून काय घ्यावे? प्रथम भिंत ओळखावी, मग छटा. नवा सिमेंटचा गिलावा तीव्र अल्कधर्मी असतो. पाणी मारून झाल्यावर तो साधारण महिनाभर सुकू द्यावा, नाहीतर रंग डागाळतो. शेडकार्डावरील चौकोन भिंतीवर चढला की वेगळा वाटू शकतो, म्हणून भिंतीवरच हातभर नमुना लावून तो सकाळी, भर दुपारी आणि संध्याकाळी पाहावा. कोकणात नैऋत्येचा पाऊस झोडपणाऱ्या बाजूचा वेगळा विचार करावा. तेथे पूर्वी झापांचा आडोसा करीत, तो काही उगाच नव्हे. तळाशी गडद पट्टा ठेवावा.

३०/
आणि शेवटी रस्ता. माती, चुना, राजा आणि साथ यांनी रंग ठरविण्याचा काळ सरला. आता तो घरातील माणसे ठरवितात. पण भिंतीचा बाहेरचा पृष्ठभाग अजूनही समोरच्या घराच्या खिडकीतून दिसतो, गल्लीतून जाणाऱ्याच्या डोळ्यांवर ऊन फेकतो आणि शेजारच्या भिंतीशेजारी उभा राहतो. म्हणून रंग नक्की करण्यापूर्वी एकदा रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला जाऊन, तेथून आपल्या घराकडे पाहून यावे. शेडकार्ड सोबत न्यावे.

(धागा समाप्त)